भाऊंच्या वेबसाईटने घेतलेलं नाव

सगळं सांगणार नाही. सांगायचं नाही असं एका माणसाला कबूल केलंय, म्हणून अर्धंच सांगते. चहा ठेवलाय, बसा तोवर.

मूर्खपणा सगळेच करतात हो. कुणी घरातल्या घरात करतं, कुणी चारचौघांत. माझा मूर्खपणा आठशे बायकांच्या मोबाईलवर गेला आणि वर त्याला बदाम आले. लाल बदाम. अजूनही मधूनच कुठल्या तरी अनोळखी बाईचा एखादा बदाम येतो आणि मी मोबाईल पालथा घालून ठेवते.

मी कुंदा. मुलुंड पूर्वेला, चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. वर जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातो, त्यात माझा काय दोष? लोक मला चौकस म्हणतात. पाठीमागे दुसरा शब्द वापरतात. तोही मला माहीत आहे, कारण मी चौकस आहे.

पण एक गोष्ट कुणालाही विचारा. माझ्या दारामागे खुंट्यांची एक फळी आहे. त्यावर बिल्डिंगमधल्या पाच घरांच्या चाव्या टांगलेल्या असतात. कामावर जाताना लोक चावी माझ्याकडे देऊन जातात. गॅसवाला आला, नळ चालू राहिला, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, की कुंदाकडे चावी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या शोभाचा सख्खा भाऊ एकदा दारात येऊन उभा राहिला, तर शोभाला फोन लावून विचारल्याशिवाय मी त्यालाही चावी दिली नाही. तासभर जिन्यात बसला बिचारा. चहा दिला, पण चावी नाही.

तोंडाचं सोडा. चावीच्या बाबतीत मी पक्की. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समोरचं दार भाऊ परबांचं. त्यांची चावी पहिल्या खुंटीवर, लाल दोरा बांधलेली. तो दोरा सुलभावहिनीने बांधला होता. भाऊ आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नाही. भाऊ भांडुपच्या एका छापखान्यात प्रूफरीडर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. रिटायर झाले तरी खिशातलं लाल पेन काही रिटायर झालं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर लग्नात आहेराच्या पाकिटासोबत ती दुरुस्त करून परत आणली. तीन चुका. एक माझ्या सासऱ्यांच्या नावातच होती.

साठी उलटल्यावर भाऊंनी स्टेशनजवळच्या क्लासला नाव घातलं आणि वेबसाईट बनवायला शिकले. कशासाठी, तर त्यांच्या गावच्या मंडळासाठी. मुंबईतले गाववाले, त्यांचं मंडळ, आणि त्या मंडळाची वेबसाईट. जत्रेचे जुने फोटो, कुणाच्या आजोबांची पत्रं, देवळाच्या जुन्या कागदांच्या नकला. आणि वहिनीने काय केलं, दरवर्षी गणपतीला गावी गेली की म्हाताऱ्या बायकांना बसवून त्यांची फुगडीची गाणी मोबाईलवर उतरवून आणली. निम्मी तर ती स्वतःच म्हणायची. आवाज खणखणीत. वहिनी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली की मी माझा मिक्सर बंद ठेवायची.

भाऊ ती गाणी एकेक करून वेबसाईटच्या पोटात भरत होते. पान अजून उघडलं नव्हतं. सगळी झाली की एकदम दाखवायची, असं दोघांचं ठरलेलं.

तेवढ्यात वहिनी गेली. छातीत गाठ निघाली. आठ महिन्यांत सगळं आटपलं.

मग पुढचं वर्षभर समोरच्या घरातून फक्त टकटक ऐकू यायची. भाऊ कॉम्प्युटरपुढे बसलेले. मी चहा घेऊन जायची, तर म्हणायचे, "बघ गो कुंदा, मशीन माका सांगता, भाऊ, हय चुकलंस." आणि पडद्यावर ही इंग्रजी अक्षरांची रांग.

मी म्हटलं, "अहो, पण हे असं चुकलेलं बाहेर दिसतं का? लोक काय म्हणतील?"

"दिसांदे. चूक झाकून ठेवलंस तर ती वाढता. दाखवलंस तर मरता."

प्रूफरीडर माणूस. मला पटलं. तसं मला त्यातलं काय कळतंय? मी आपली बशी उचलून घरी आले.

वहिनीचं वर्षश्राद्ध आलं. भाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी गाण्यांचं पान उघडणार. अकरा गाणी एकट्या सुलभाच्या आवाजातली. कुणी ऐकली नव्हती ती. मलाही ऐकवली नव्हती भाऊंनी. म्हणाले, थांब, त्या दिवशी ऐक.

आता तुम्हीच सांगा, मला थांबायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं नाही का?

चार दिवस बाकी होते. दुपारची भांडी झाली होती. कांजूरकडून कचऱ्याच्या डंपिंगचा वास येत होता म्हणून खिडक्या लावल्या आणि गपचूप मोबाईलवर वेबसाईट उघडली. जरा बघू, एखादं गाणं लागतंय का. एक बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं असेल. आणि एकदम पांढरं पान आलं, त्यावर इंग्रजीच इंग्रजी.

माझं शिक्षण दहावी, तेही मराठी शाळेतलं. अक्षरं लावून वाचते मी. पहिला शब्द होता 'फेटल'. पुढे 'एरर', तो मला एटीएममुळे माहीत. (फेटलचा अर्थ नंतर मुलीला विचारला. जीवघेणं, म्हणाली.) खाली कंस, टिंबं, तिरक्या रेघा, सगळा मुंग्यांचा बाजार. मी बोट फिरवत फिरवत खाली आले आणि मध्येच मला ओळखीचं काही दिसलं.

भाऊ. मग स्वल्पविराम. आणि त्याच्या शेजारी, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली: सुलभामाझी. त्याला जोडून त्यांच्या लग्नाचं साल.

घाबरू नका, आता ते कुठल्याच दाराला लागत नाही, म्हणून सांगते.

मला रडूच आलं. का, ते सांगते. वहिनीची जन्माची एकच तक्रार होती. म्हणायची, "लग्नात सुद्धा ह्यांनी माझा नाव घेवक नाय." भाऊ लाजाळू. मांडवात सगळ्यांनी उखाण्यासाठी अडवलं, तर हा माणूस घास खाली ठेवून उठून गेला होता म्हणे. दरवर्षी हळदीकुंकवाला बायका वहिनीला नाव घ्यायला सांगायच्या, ती झोकात घ्यायची, आणि मग आम्ही भाऊंकडे वळायचो. भाऊ स्वयंपाकघरात. दार लावून. वहिनी हसायची, पण तिचं ते हसू मी बघितलंय.

आणि आता बघा. बायको गेल्यावर या माणसाने तिचं नाव घेतलं होतं. तेही जगाला दिसेल अशा ठिकाणी. भाऊ, सुलभा माझी. लग्नाच्या सालासकट.

मी त्या पानाचा फोटो काढला.

काढला तर काढला, तिथे थांबावं ना? आधी बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "बघा गं बायांनो. शेवटी भाऊंनी नाव घेतलं. शोधा, सापडेल." कोडं घातल्यासारखं. दहा मिनिटांत बदामांचा पाऊस. शोभाने लिहिलं, "माझ्या नवऱ्याला माझ्या नावाचं स्पेलिंग तरी येतं का विचारते."

संध्याकाळी घरोघरी तेच. मीही आमच्या ह्यांना गाठलं.

"अहो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझं नाव आहे का?"

"कशाला असेल?"

"भाऊंच्या आहे."

"ते रिटायर झालेत. मला काम असतं."

झालं. रागाने मी तो फोटो हळदीकुंकवाच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. आठशे बायका आहेत त्यात, अर्ध्या मुलुंडच्या. मग भाऊंच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकला, वहिनीनेच मला त्यात घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या माझ्या बहिणीने तोच फोटो मला परत पाठवला. तोवर कुणीतरी वर मजकूर जोडला होता, "मुंबईतील आजोबांचे अमर प्रेम. अकरा सुवासिनींना पाठवा, सौभाग्य अखंड राहील."

मी अकरा जणींना पाठवला. एवढं लिहिलंय तर, म्हटलं, उगाच कशाला विषाची परीक्षा.

तुम्ही विचाराल, भाऊंना कसं कळलं नाही? भाऊ कुठल्याच ग्रुपवर नव्हते. तिथलं शुद्धलेखन वाचून त्यांचं ब्लडप्रेशर वाढायचं. आणि मी सांगितलं नाही, कारण आम्ही बायकांनी ठरवलं होतं, श्राद्धाच्या दिवशी भाऊंना सांगायचं की आम्ही बघितलं. जन्मात एक गोष्ट मी पोटात ठेवली, आणि ती नेमकी ज्याला सांगायला हवी होती त्याच्यापासून ठेवली.

त्या तिसऱ्याच दिवशी दुपारी दारावर थापा. चौथ्या मजल्यावरच्या देसायांची सून, रुचा. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. धापा टाकत होती.

"काकू, तो फोटो तुम्ही टाकलात?"

"हो. आवडला?"

"डिलीट करा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, त्यात लाजायचं काय? नवराबायको आहेत ती."

"काकू, ते नाव नाहीये."

"मी वाचलंय ना. सुलभा माझी. दहावी असले तरी एवढं वाचता येतं मला."

रुचाने कपाळाला हात लावला. "तो पासवर्ड आहे, काकू. वेबसाईटचं सगळं जिथे साठवलेलं असतं त्या कपाटाचा. आधी वापरणाऱ्याचं नाव, भाऊ. मग स्वल्पविराम. मग पासवर्ड."

"पासवर्ड असता तर तिथे पासवर्ड असं लिहिलेलं नसतं?"

"नसतं. मशीन स्वतःशी बोलत असतं तेव्हा. कपाट उघडायला गेले, उघडेना, अमुक चावी लावून बघितली, असं ते सांगतं. ते बनवणाऱ्याने वाचायचं असतं, आत, एकट्याने. बाहेरच्याला एवढंच दिसायला हवं, की क्षमस्व, थोड्या वेळाने या."

मी माझ्या दारामागच्या फळीकडे बघितलं. समजा शोभाच्या दारात कुणी परका आला. मी काय सांगणार? शोभा घरी नाही, नंतर या. बस. शोभा घरी नाही, चावी माझ्याकडे आहे, लाल दोऱ्याची, ही घ्या बघा फोटो, असं सांगेन का? वीस वर्षांत कधी सांगितलं नाही. आणि इथे आठशे जणींना.

चावी लोखंडाची असते हो. वहिनीच्या नावाची असेल असं कुणाला वाटेल?

आम्ही दोघी समोरच्या दारात गेलो. बेल वाजवायची गरज नव्हती, दार उघडंच होतं. भाऊ कॉम्प्युटरपुढे बसले होते, पण टकटक नव्हती. पडद्यावर कुठल्या तरी परक्या भाषेतलं रंगीबेरंगी पान. पत्ते, फासे, चमचमणाऱ्या चकत्या.

"देवळाचे फोटो होते हयसर," भाऊ म्हणाले.

रुचाने खुर्ची ओढली आणि तासभर काय काय करून बघितलं. सगळ्या दारांना एकच पासवर्ड होता. कपाटाला तोच, पानं बदलायच्या मागच्या दाराला तोच. कुणीतरी आत शिरलं होतं आणि आतलं सगळं पुसून आपला बाजार मांडला होता.

"कोणी केला ह्या?" भाऊंनी विचारलं.

"कुणी माणूसही नसेल, काका. असली उघडी पडलेली पानं शोधत प्रोग्रामच फिरत असतात. किंवा कुणाच्या तरी हातात…" ती माझ्याकडे बघून थांबली.

"त्याची दुसरी नक्कल कुठे ठेवली होती?" तिने विचारलं.

फोटो पेन ड्राईव्हमध्ये होते. गावच्या बायकांची गाणी परत उतरवता आली असती. पण वहिनीचा मोबाईल ती हॉस्पिटलमध्ये असतानाच पडून फुटला होता. भाऊंनी गाणी आधीच वेबसाईटवर चढवली होती, मग तो मोबाईल दुरुस्तीला नेलाच नाही, मोडीत दिला. वेबसाईटवर आसा म्हणजे सगळ्या जगाकडे आसा, आता जाता खय, असं मलाच म्हणाले होते. वेबसाईटला जागा देणाऱ्या कंपनीला रुचाने फोन लावला. नक्कल ठेवायची सोय वेगळी असते, ती तुम्ही घेतलेली नाही, असं उत्तर आलं.

अकरा गाणी गेली.

मी सांगून टाकलं. उभी राहूनच सांगितलं. फोटो मी काढला, मी पाठवला, सगळं. आठशेचा आकडाही सांगितला. सौभाग्याच्या अकरा जणीसुद्धा. रुचा मध्येच म्हणाली, "काका, पान किती दिवस उघडं होतं कोण जाणे. आधीच कुणी बघितलं असेल." मुलगी चांगली आहे. मी क्षणभर ते वाक्य घट्ट धरलं. मग सोडलं. बघितलं असेल कुणी, पण मिरवलं मी.

भाऊ ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"तू फक्त वाचलंस, कुंदा. लिवलंय मी. प्रूफ छपाईच्या आधी वाचतत. मी छापून झालेल्या पेपरात प्रूफ ठेवलंय. एवढी वर्सां छापखान्यात काढून."

थोड्या वेळाने रुचा हळूच म्हणाली, "काका, आधी पासवर्ड बदलूया. नवीन काय टाकू? कुणाचं नाव नको."

भाऊंनी कीबोर्डवर बोटं ठेवली, परत उचलली. मग म्हणाले, "मगे माझ्याकडे दुसरा काय आसा?"

तेव्हा मला समजलं हो. एवढं मोठं नाव तो माणूस दिवसातून दहादा टाइप करत होता. एकटा, दार लावून, कुणाला ऐकू न देता. नाव त्यांनी घेतलंच होतं. मी तेवढं चुकीचं वाचलं नव्हतं. मी फक्त ते गावभर केलं होतं.

घरी आले आणि पहिल्या खुंटीवरची लाल दोऱ्याची चावी काढून परत समोर गेले. म्हटलं, "भाऊ, ही तुमची चावी. माझ्याकडे नको."

त्यांनी बघितलंही नाही. "ठेव गो. लोखंडाची चावी तू बरी सांभाळतंस."

हा टोमणा होता की माफी, अजून मला ठरवता आलेलं नाही. चावी परत टांगली.

श्राद्ध झालं. गुरुजी आले, पिंड ठेवले, कावळा आला आणि गेला. बायका आल्या, पण भाऊंना काही सांगायचं उरलं नव्हतं. वहिनीच्या फोटोला हार घालून भाऊ पाटावर बसून राहिले. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "फोटो खूप आसत. फोटोत माणूस बोलत नाय."

मी धीर करून विचारलं, "तुमच्या मोबाईलवर तिचा कधी काही निरोप? बोललेला?"

"एका घरात रवणारी माणसा एकमेकांका कशाक निरोप धाडतली?"

आता खरी लाजेची गोष्ट इथे आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रुचाने नक्कल कुठे आहे विचारलं, त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं, की वहिनीचा आवाज माझ्या मोबाईलमध्ये आहे. पाऊण मिनिटाचा. आणि मी गप्प बसले होते. मी. कुंदा. गप्प.

काय होतं त्यात? गाठ निघाली तेव्हा वहिनीने ते फक्त मला सांगितलं होतं. कुणाला सांगू नको, असं बजावून. मी एकट्या शोभाला सांगितलं, तेही काळजीपोटी. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या दारात बिल्डिंग जमली. मग दुपारी वहिनीचा हा निरोप आला. ऐकून मी इतकी रागावले, की तो खूण करून जपून ठेवला. पुरावा म्हणून. कधीतरी कडाक्याचं भांडण झालं तर तिच्या तोंडावर वाजवून दाखवीन, की बघ, मला काय काय बोललीस. आठ दिवस बोलले नाही तिच्याशी. मग ती इतकी आजारी पडली, की ते भांडण राहूनच गेलं.

भाऊंसमोर तो वाजवणं म्हणजे स्वतःचं थोबाड स्वतःच्या हाताने रंगवून घेणं. पण पाटावरचा तो माणूस बघवेना. बायका गेल्या, भांडी झाली, संध्याकाळी मी मोबाईल घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, हे ऐका. माझ्याकडे बघू नका."

आणि लावलं.

"काय गो कुंदा, तुका मी एकटीक सांगितलेलंय ना? मगे सकाळपासना सगळी बिल्डिंग शहाळी घेवन दारात कित्या उभी? वॉचमनसुद्धा इचारता, मावशी, गाठ खय आसा म्हणान. तुझ्या पोटात काय्येक रवणा नाय बाय. तोंडाक एक कुलूप घाल आणि त्याची चावी माझ्याकडे आणून टांग." मग हसली. ते तिचं खणखणीत हसू. "आणि संध्याकाळी ये. सोलकढी केलंय. ह्यांका सांगू नको, सर्दी झाली हा तेंका, नायतर वाटी घेवन बसतले."

(सोलकढीचंही मी भाऊंना तेव्हाच सांगितलं होतं. रागात होते ना.)

भाऊंनी मान खाली घातली होती. मग म्हणाले, "परत लाव."

लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी ते 'ह्यांका सांगू नको'च्या आधीच हसायला लागले आणि हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

मी म्हटलं, "तुमच्या मोबाईलवर पाठवते."

"नको. माझ्याकडे काय रवणा नाय. थंयच रवांदे." मग माझ्याकडे बघितलं. "ह्या तू कोणाकच पाठवूक नाय?"

"नाही."

"कित्या?"

मी म्हटलं, "त्यात माझीच अब्रू होती ना, भाऊ."

त्या दिवसापासून भाऊ रोज संध्याकाळी साडेपाचला येतात. मी चहा ठेवते. मोबाईल टेबलावर, मध्ये. आमचे हे घरी असले तर गॅलरीत जातात. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिताना, माझ्याच मोबाईलमधून सुलभावहिनी मला रोज सांगते, की तुझ्या पोटात काही राहत नाही. रोज. रविवारीसुद्धा. मी मान हलवते. बरोबर आहे, बाई.

वहिनीचं सगळं माझ्यामुळे गेलं. उरलं ते एवढंच, जे मी पुढे पाठवलं नाही. आणि पाठवलं नाही, कारण त्यात माझ्याबद्दलचं खरं होतं.

चहाच्या पहिल्या दिवशी निघताना भाऊ माझ्या दारात थांबले होते. लाल दोऱ्याच्या चावीला हात लावून म्हणाले, "कुंदा, ह्या आपल्या दोघांतच रवांदे. कोणाक सांगू नको हां." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हापासून शब्द काढला नाही. शोभाला नाही, रुचाला नाही, डोंबिवलीच्या बहिणीला नाही.

म्हणून तर सुरुवातीलाच म्हटलं ना, सगळं सांगणार नाही, अर्धंच सांगते.

घ्या, चहा गार झाला तुमचा. आणि हो, साडेपाच वाजत आले. भाऊ आले तर तुम्ही आपले डंपिंगच्या वासाबद्दल बोलत होता, बरं का.